होय, व्हय, हाव, जी... 'हो'च्या आधीचे होकार

सांजवारा

हल्ली 'होय' कोण म्हणतं? आमच्याकडे मुलं 'हां' म्हणतात, मी 'हो' म्हणते, ऑफिसात 'येस' आणि व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा. 'होय' ऐकू येतं ते सासऱ्यांच्या तोंडून, तेही फोनवर बँकेच्या माणसाशी बोलताना. "होय. मीच बोलतोय." पलीकडच्याची पुढचं विचारायची हिंमतच होत नाही.

माझं म्हणणं असं की 'हो' आणि 'होय' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'हो' हा नुसता आवाज, हुंकाराच्या जातीचा. 'होय' हे चक्क क्रियापद आहे. नवरा म्हणतो उगाच काथ्याकूट करू नकोस, 'होय'मधला य गळला की 'हो', विषय संपला. जाणकारांनी उजेड पाडावा. आणि तुमच्याकडे होकाराला आणखी कोणते जुने शब्द आहेत तेही लिहा.

वाड्यावरचा

आमच्याकडं सातारा भागात 'हो' बी न्हाई आन् 'होय' बी न्हाई. व्हय. 'व्हय की', 'व्हय तर', आन् कुणी अंगावर आलं की 'व्हय रं?' जुनं कुटलं झालंय? काल बाजारात धा येळा म्हणलोय.

तिखट_मेतकूट

'हो' पुण्याचं, 'होय' सांगली-कोल्हापूरचं, 'हां' मुंबईचं. धागा कुलूपबंद करावा. (हलके घ्या.)

कोऽहम्

सांजवारा, निम्मी पैज तुम्ही जिंकलात. 'होय' क्रियापदच. संस्कृतात भवति, शौरसेनीत होदि, महाराष्ट्री प्राकृतात होइ, मराठीत होय. हाल राजाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे प्राकृत गाथांच्या संग्रहात, 'होइ' जागोजागी भेटतं, पण तिथे त्याचा अर्थ 'होतं, असतं' एवढाच. कबीराच्या 'पढ़े सो पंडित होय'मध्येही तेच. प्रश्नाच्या उत्तरात हे क्रियापद एकटंच उभं राहायला लागलं तेव्हा त्याचा होकार झाला.

पुरावा हवा तर शाळेचं कुठलंही पुस्तक उघडा. 'मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी होय.' इथे 'होय' काढून 'हो' घाला आणि मास्तरांना दाखवा. तसंच 'असं होय!' म्हणताना आपण कुणाला होकार देतो? कुणालाच नाही. 'असं आहे तर!' एवढंच म्हणतो.

उलट बाजूने पाहिलं तर आणखी स्पष्ट होतं. 'होय'ची जोडी 'नव्हे'शी. 'तो मास्तर होय, पुढारी नव्हे.' 'नाही'ची जोडी 'आहे'शी. 'नको'ची वापरात 'हवं'शी. म्हणजे एकेका क्रियापदाला आपापला नकार होता. आता सगळीकडे 'नाही'च धावून येतं आणि बिचारं 'नव्हे' अग्रलेखात पेन्शन खात बसलंय.

'हो'बद्दल मात्र मी तुमच्या यजमानांच्या बाजूचा.

गाभुळलेली_चिंच

यजमानांना हा प्रतिसाद दाखवू नका. सणासुदीचे दिवस आहेत.

कुंदा_बेळगावी

कोऽहम् यांच्या मुद्द्याला सीमेपलीकडून दुजोरा. आमच्याकडे अर्धी गल्ली मराठी, अर्धी कानडी. कानडीत होकाराला 'हौदु', बोलताना 'हौद', समोर मोठं माणूस असेल तर 'हौद्री'. या 'हौदु'चं जुनं रूप 'अहुदु', आणि ते 'आगु' म्हणजे 'होणे' या धातूपासून आलेलं. म्हणजे कानडी माणूसही 'हो' म्हणताना मुळात 'होतं' असंच म्हणतो. आमच्या मराठीत त्याच चालीवर 'होय री' चालतं. पुण्याचे पाहुणे आले की त्यांना वाटतं आम्ही सगळ्यांनाच अगं-तुगं करतोय. त्या 'री'त मान असतो हो!

चारमिनारचा_चहा

तेलुगूत 'अवुनु'. तेही 'अवु' म्हणजे 'होणे' यातूनच. तमिळमध्ये 'आम्', 'आमा', तिथेही तोच धातू. म्हणजे दख्खनभर निरनिराळ्या घराण्यांच्या भाषा, आणि होकार मात्र सगळ्यांचा एकाच कल्पनेतून. हिंदीचा 'हाँ' या पंगतीत बसत नाही.

आणि आमची हैदराबादी दख्खनी तर बघूच नका. 'हौ' म्हणजे हो, 'नक्को' म्हणजे नको. 'नक्को' सरळ मराठीतून उचललेलं. 'हौ' कुणाकडून आलं यावर मराठी, कानडी आणि तेलुगू मित्रांना एका टेबलावर बसवून बघा, चहा थंड होतो.

तिखट_मेतकूट

म्हणजे उत्तरेचं 'हाँ' ऐकून आपण मुलांना 'हां' शिकवलं आणि घरचं 'होय' अडगळीत टाकलं. लिहा आता यावर अग्रलेख, 'नव्हे'ला सोबत होईल.

सयाजीगंज

बडोद्याच्या मराठी घरातली मी. आमची गंमत वेगळीच. गुजरातीत होकाराला 'हा', पण 'होय' हा शब्दही आहे! तिथे तो अजून क्रियापदच आहे: 'असेल', 'असतं'. शेजारीण एखादी बातमी ऐकून 'होय नहीं!' म्हणते, म्हणजे 'शक्यच नाही!' लहानपणी माझ्या डोक्यात गोंधळ व्हायचा की या बाई आधी होय म्हणतात, लगेच नाही म्हणतात, नक्की ठरलंय काय?

वाड्यावरचा

@सयाजीगंज, आमच्याकडच्या सोयरिकीच्या बैठकीत बी असंच आस्तंय.

माडाखालचा

'होय' मरतोय म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या तळकोकणात यावं. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावकर नाहीतर गुरव नारळ समोर ठेवून उभा राहतो, मागे सगळा गाव हात जोडून. तो सुरू करतो:

"बा देवा म्हाराजा..."
"होय म्हाराजा!"
"आज जी काय तुझी सेवा केलेली आसा ती मान्य करून घे रे म्हाराजा..."
"होय म्हाराजा!"
"काय चूकमूक झाली आसात ती पोटात घाल, आणि लेकराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा..."
"होय म्हाराजा!"

मध्ये कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाची कोर्टातली केस, मुंबईहून आलेल्यांचा परतीचा प्रवास, सगळं येतं. केसच्या वेळी ज्यांच्याविरुद्ध केस आहे तेही मागेच उभे असतात आणि तेही 'होय म्हाराजा' म्हणतात. देवासमोर न म्हणून सांगतात कुणाला!

आता भाषेचं. इथला 'होय' देवाला उद्देशून आहे, पण देवाने काही विचारलेलं नाही. मागणं आपलंच आणि 'होय'ही आपणच म्हणतो. याला होकार म्हणायचं का? कोऽहम् म्हणतात तसं 'होतं, असतं' हा जुना अर्थ धरला तर 'असंच होवो' असं काहीतरी निघतं. मला तरी तोच पटतो. जो गाऱ्हाणं घालतो तो एकट्याच्या नावाने बोलत नाही, हे गावाने मागून सांगायचं असतं.

कोऽहम्

माडाखालचा, वा! 'असो', 'होवो' या आज्ञार्थाच्या अंगाने गेलेला होकार. संस्कृतातलं 'अस्तु', 'तथास्तु' तेच करतं. आपण 'अस्तु' म्हणून पत्र संपवतो तेव्हा तो होकारही नसतो, निव्वळ सुस्कारा असतो, तो भाग वेगळा.

पळीपंचपात्र

भिक्षुकी करतो म्हणून दोन शब्द. सगळ्यात जुना होकार तुम्ही रोज ऐकता आणि ओळखत नाही. ॐ.

छांदोग्य उपनिषदात पहिल्याच अध्यायात सरळ सांगितलंय: हे अनुज्ञाक्षर आहे, माणूस कशालाही संमती देतो तेव्हा 'ओम्' असंच म्हणतो. बृहदारण्यकात शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, देव किती? याज्ञवल्क्य आधी तीन हजार तीनशे सहा सांगतो. शाकल्य म्हणतो 'ओम्', आणि पुन्हा विचारतो, पण खरे किती? तेहेतीस. 'ओम्.' पण खरे किती? सहा. 'ओम्.' मग तीन, दोन, दीड आणि शेवटी एक. प्रत्येक उत्तरावर 'ओम्' म्हणजे 'बरं, ठीक' आणि लगेच तोच प्रश्न. उलटतपासणी घेणारा वकील जसा 'बरं' म्हणतो ना, अगदी तो सूर आहे. गूढ वगैरे काही नाही त्यात.

कर्मकांडात तर हा 'ओम्' अजून कामावर आहे. पुण्याहवाचनात यजमान म्हणतो 'पुण्याहं भवन्तो ब्रुवन्तु', आम्ही म्हणतो 'ॐ पुण्याहम्'. श्राद्धाच्या ब्राह्मणाला क्षण, म्हणजे आमंत्रण, देतात तेव्हा तो म्हणतो 'ॐ तथा'. यजमान मोबाइलवर असतो, त्याला वाटतं मंत्र चाललाय. प्रत्यक्षात त्याने विचारलेल्या प्रश्नाला मी 'हो, चालेल' म्हटलेलं असतं.

'ॐ तथा' ही जोडी पण बघण्यासारखी आहे. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची गोष्ट सांगताना नियम दिलाय की ऋचेला प्रतिसाद 'ओम्'ने द्यायचा आणि गाथेला 'तथा'ने, कारण 'ओम्' हे देवांचं आणि 'तथा' हे माणसांचं. आमचा श्राद्धाचा ब्राह्मण दोन्ही म्हणून मोकळा होतो.

गाभुळलेली_चिंच

म्हणजे दोन्ही ठिकाणी ॲडव्हान्स बुकिंग.

बाराखडी

मला एक शंका. हाक मारली की 'ओ' देतात, तो 'ओ' या ओम्-पैकी का? आजी रागवायची, "इतक्या हाका मारल्या, ओ द्यायला काय झालं?"

कोऽहम्

@बाराखडी, अर्थाने जवळ, पण नातं जोडायला माझ्याकडे पुरावा नाही. हाकेला 'ओ' हा आवाज तोंडातून सहज निघतो, त्याला उपनिषदाची गरज नाही. जसं 'अहो', 'काय हो', 'सज्जनहो', 'ऐका हो ऐका' यांतलं 'हो' संबोधनाचं आहे, होकाराचं नाही. 'अहो' म्हणून नवऱ्याला हाक मारणारी बाई त्याला होकार देत नसते.

सांजवारा

बहुतेक वेळा उलटच असतं.

कोऽहम्

गुरुजींच्या यादीत संस्कृतातला माझा आवडता घालतो: 'बाढम्'. नाटकांत भेटतो आणि शांकरभाष्यात फार भेटतो. भाष्यात त्याचा ठसका निराळा. प्रतिपक्षी मोठा मुद्दा मांडतो, आचार्य म्हणतात 'बाढम्', म्हणजे 'अगदी मान्य', आणि पुढच्याच वाक्यात 'पण' काढून त्याला आडवा करतात. मुद्राराक्षस नाटकात मात्र तो सरळ आहे. नंदांचा अमात्य राक्षस याचं कुटुंब दे म्हणून चाणक्य चंदनदासाला दरडावतो, हाच तुझा निश्चय का विचारतो, आणि जीव जाणार हे माहीत असून तो जवाहिऱ्या 'बाढम्' म्हणतो. त्या जागी मला 'हो' चालणार नाही. मराठी करायचं तर 'होय'च करावं लागेल.

झाडीपट्टी

सगळे पश्चिमेकडचेच बोलून राहिले. आमच्या भंडारा-गोंदियाकडं 'हो जी'. 'काय जी', 'कुठं चालले जी', 'हो जी'. नागपूरले गेलं की 'हाव'. 'हाव ना बे', 'हाव का?' यात 'जी' हा नुसता मान नाही. मास्तरनं हजेरीत नाव घेतलं का पोरगं नुसतं 'जी' म्हणते. मंग तो होकार झाला का नाही?

पळीपंचपात्र

झालाच. आणि जुनाही आहे. महानुभावांच्या लीळाचरित्रात, म्हणजे तेराव्या शतकातल्या गद्यात, सर्वज्ञांनी, म्हणजे चक्रधरस्वामींनी, काही म्हटलं की भक्तांच्या तोंडी 'जी' आणि 'हो जी' येतं. त्यांची वस्ती रिद्धपूरची, म्हणजे तुमच्याच विदर्भातली.

ढोलकीची_थाप

पोवाडा विसरलात की! शाहिराची ओळ संपली की मागचे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतात. माझा समज होता की तो ठेका भरायचा आवाज आहे. पण हा धागा वाचून वाटतंय की ते गाऱ्हाण्यासारखंच आहे. पुढचा सांगतो, मागचे 'जी' म्हणून साक्ष काढतात.

तिखट_मेतकूट

ज्ञानेश्वरीची पहिली ओवी बघा: 'ॐ नमो जी आद्या'. एका ओळीत दोन होकार!

कोऽहम्

मेतकूट, तिथे दोन्ही होकार नाहीत. ॐ मंगलाचा आणि 'जी' आदराचा. पण ओळ या धाग्यात शोभते हे कबूल.

'जी'च्या उगमाची दोन मतं आहेत. एक, 'आर्य'चं प्राकृत 'अज्ज', त्यातून 'अजी' आणि 'जी'. दुसरं, 'जीव' म्हणजे 'चिरंजीव हो' या आशीर्वादातून. मला दुसरं जास्त पटतं, कारण मोठ्याचं बोलणं ऐकून आधी त्याच्या दीर्घायुष्याची इच्छा करायची आणि मग कामाला लागायचं ही दरबारी रीत शोभते. पुढे त्याचीच 'हांजी हांजी' झाली, आणि मराठीने तिला करायला लागणारा माणूसही घडवला: होयबा.

दर्यावर्दी

जहाजावर आहे, नेट आत्ता मिळालं. इंग्रजीतल्या जुन्या होकाराची भर टाकतो. आमच्याकडे 'येस सर' आणि 'आय आय सर' यांत फरक आहे. 'येस' म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला हो. 'आय आय' म्हणजे हुकूम ऐकला, समजला आणि आत्ता करतो. नवीन कॅडेट हुकमाला नुसतं 'येस' म्हणाला की जुना बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, विचारतो, "येस म्हणजे काय? करणार का नाही?" हा 'आय' सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी छापात दिसायला लागला, आणि सुरुवातीला 'मी' या अर्थाच्या एकाक्षरी शब्दासारखाच लिहायचे. त्याचं मूळ पक्कं ठरलेलं नाही. स्कॉटलंडच्या बंदरात मात्र दुकानदारसुद्धा सहज 'आय' म्हणतो, त्याला काही आपण जुनाट बोलतोय असं वाटत नाही.

वाड्यावरचा

म्हंजे तिकडचा सातारा.

बाराखडी

ब्रिटिश संसदेत मतदानाला 'आय' वाल्यांची लॉबी अध्यक्षांच्या उजवीकडे आणि 'नो' वाल्यांची डावीकडे. वरच्या सभागृहात तर 'आय' पण नाही, 'कंटेंट' आणि 'नॉट कंटेंट'. म्हणजे 'समाधान आहे' आणि 'समाधान नाही'. आमच्या सोसायटीच्या सभेत ही पद्धत आणली तर एकही ठराव पास होणार नाही.

निवांत_नलू

सगळं वाचलं, छान चाललंय. पण खरा घोळ जुन्या-नव्याचा नाही, नकारार्थी प्रश्नाचा आहे. बाबांचं छोटं ऑपरेशन होतं. सकाळी नर्सने विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" बाबा म्हणाले, "हो." तिने लिहिलं: खाल्लं. भूलतज्ज्ञ आले, पुन्हा विचारलं, "खाल्लंय तुम्ही?" बाबा म्हणाले, "नाही." मग दोघांत जुंपली की पेशंट खोटं बोलतोय. बाबांचा 'हो' म्हणजे 'तुम्ही म्हणता ते बरोबर, खाल्लं नाही'. मराठीत हे सर्रास चालतं, तरी मराठी नर्सलाच कळलं नाही.

कोऽहम्

नलूताई, यावर मराठीकडे स्वतःचा उपाय आहे आणि तो 'हो'पेक्षा जुना आहे: क्रियापदच परत म्हणायचं. 'जेवलास?' 'जेवलो.' 'आणलंस?' 'आणलं.' 'खाल्लं नाही ना?' 'नाही खाल्लं.' आयरिश भाषेत तर हो-नाहीला स्वतंत्र शब्दच नाहीत, असंच क्रियापद परत म्हणतात. लॅटिनमध्येही आपल्या 'हो'सारखा एक ठरावीक शब्द नव्हता. आपल्या आज्या 'हो' फार कमी म्हणायच्या, लक्ष देऊन आठवा. 'चहा घेणार?' 'घेईन की.'

निवांत_नलू

खरंच की. आई अजूनही असंच बोलते.

सांजवारा

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. पण माझा मूळ प्रश्न अजून लोंबकळतोय. 'हो' हा 'होय'चा तुकडा की वेगळा? कोऽहम् यांनी नवऱ्याची बाजू घेऊन ठेवली, कारण दिलंच नाही.

कोऽहम्

कारण साधं आहे. 'हो'ला जर हुंकाराच्या वर्गात टाकायचं तर तो देशभर सारखा सापडायला हवा, जसा 'हूं' सापडतो. पण होकाराचा 'हो' नेमका तिथेच रुजलाय जिथे 'होय' होता. शिवाय 'होय ना' आणि 'हो ना', 'होय का' आणि 'हो का', 'होय तर' आणि 'हो तर', शेपट्या सगळ्या त्याच. 'हूं'ला यातल्या किती लावता येतात बघा. 'हूं तर' कुणी म्हणत नाही.

तुमच्या बाजूने एवढंच म्हणेन की य गळताना क्रियापदपण गळलं. 'हो' आता वाक्याच्या शेवटी बसत नाही, कुणाची राजधानी ठरवत नाही.

सांजवारा

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो 'हूं तर' म्हणाला.

झाडीपट्टी

आमच्या 'हाव'चं काय झालं पण? कोणीच सांगून नाही राहिलं.

चारमिनारचा_चहा

तेलुगूच्या 'अवुनु'तून आलं. सरहद्द लागून आहे.

झाडीपट्टी

काहून? हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात भू (होणे) धातूचे आदेश, म्हणजे त्याच्या जागी येणारी रूपं, 'हो', 'हुव' आणि 'हव' असे तीन आहेत. तुमच्या 'होय'ले 'हो' मिळाला, आमच्या 'हाव'ले 'हव'. हा माझा अंदाज आहे, पण तुमचाही अंदाजच आहे ना?

कोऽहम्

झाडीपट्टी, अंदाज धाडसी आहे. मधल्या काळातलं एखादं लेखी 'हाव' मिळालं तर मी तुमच्या पक्षात. महानुभाव पोथ्या तुमच्या हाताशी आहेत, शोधा.

झाडीपट्टी

हाव.